पाडकामाच्या चित्रांसाठी सुती कागदाचा ब्लॉक : दोन उन्हाळ्यांचा अनुभव

हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावाहून मी महिन्यातून एकदोनदा एसटीने नागपूरला जातो आणि जिथे जुनी घरे पाडून इमारती उभ्या राहत आहेत, तिथे कडेला बसून जलरंगात चित्रे काढतो. त्यासाठी सीताबर्डीतील एका दुकानातून घेतलेला 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड), पूर्ण सुती, कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खरखरीत कागदाचा ब्लॉक (कडा गोंदाने चिकटवलेला पानांचा गठ्ठा) मी दोन उन्हाळे वापरला आहे.

पाडकाम कागदाची खरी परीक्षा घेते. पोकलेनचा दात भिंतीत शिरला की धुळीचा लोट उठतो आणि तो दाखवण्यासाठी लावलेला रंग ओल्या ब्रशने पुन्हा उचलावा लागतो. लाकडाच्या लगद्याच्या साध्या कागदाचे अशा घासण्याने लगेच लोळे निघतात. हा कागद मात्र चारपाच वेळा घासूनही टिकला. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मिसळून केलेला राखाडी रंग त्याच्या खळग्यांत दाणेदार होऊन बसतो, त्यामुळे काँक्रीटचा खरखरीतपणा वेगळा रंगवावा लागत नाही.

नागपूरच्या महाल भागातील एका अर्धवट पाडलेल्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर दिव्याच्या काजळीने काळवंडलेला देवघराचा कोनाडा उघडा पडला होता. घण घेऊन उभा असलेला मजूर म्हणाला, “भाऊ, पडक्या भिंतीचं चित्र कायले काढता?” मी कोनाडा दाखवला, तेव्हा त्याने तो भाग शेवटी पाडायला ठेवला. जवळजवळ कोरडा ब्रश आडवा फिरवताच रंग फक्त उंचवट्यांना लागला आणि पोपडे निघालेला गिलावा जसाच्या तसा उतरला. त्या एका चित्रासाठीही मला कागदाची किंमत वसूल झाल्यासारखी वाटते.

मात्र सळ्या, परांचीचे बांबू आणि क्रेनच्या तारा पेनाने काढताना याच खरखरीतपणामुळे रेघ तुटते. ज्यांच्या चित्रात बांधकामाचा सांगाडाच मुख्य आहे, त्यांनी गुळगुळीत हॉट प्रेस कागद घ्यावा. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. मे महिन्याच्या उन्हात ब्लॉकच्या कडेचा गोंद दोन ठिकाणी सुटला, पान फुगले आणि आकाशाचा रंग खोलगट भागात साचून डाग पडला. किंमत साध्या कागदाच्या जवळपास तिप्पट असताना असे होऊ नये.

यापुढे मी याच कागदाचा 22 बाय 30 इंचांचा सुटा ताव घेऊन, त्याचे चार तुकडे करून, प्लायवूडच्या फळीवर चिकटपट्टीने चारही बाजूंनी डकवून वापरणार आहे.