अंडरले म्हणून मला १९,८४० रुपयांचा फोम विकला गेला

मे २०२४ मध्ये मुलुंड पूर्वेच्या आमच्या तळमजल्यावरील घरात मी ७५,४१० रुपये खर्च करून लॅमिनेट फ्लोअरिंग बसवून घेतले आणि १ सप्टेंबरला तेच फ्लोअरिंग आणखी ३,५०० रुपये मजुरी देऊन उखडून काढले. वरच्या फळ्यांत खोट नव्हती. फसवणूक फळ्यांच्या खाली, अंडरलेमध्ये म्हणजे फळ्या आणि जमीन यांच्यामध्ये अंथरायच्या पातळ थरात झाली, जिथे एकदा स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) ठोकले की घरमालकाची नजर पुन्हा कधीही पोहोचत नाही. मी २६ वर्षे एका कार्यालयाच्या लेखा विभागात इतरांची बिले तपासली आहेत, आणि म्हणूनच हे लिहिताना मला जितका राग येतो आहे तितकीच लाजही वाटते आहे.

घाईने किंवा अज्ञानाने मी हा व्यवहार केला, असे कोणी म्हणू नये. आमच्या मोझॅकच्या लाद्या १९७४ च्या आहेत. त्या फोडायच्या तर डेब्रिज, आवाज आणि सोसायटीची परवानगी हे सगळे आले, म्हणून त्यांच्यावरच लॅमिनेट टाकायचे ठरले. तळमजल्याला जमिनीतून ओल येते हे मला ठाऊक होते. एप्रिलमध्ये मी बेडरूमच्या एका कोपऱ्यात दोन फूट बाय दोन फुटांचे प्लास्टिक चारही बाजूंनी टेप लावून ४८ तास चिकटवून ठेवले होते, आणि ऐन उन्हाळ्यातसुद्धा त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमलेले होते. लॅमिनेटची फळी जमिनीला चिकटवलेली नसते. फळ्या खाचांनी एकमेकींत अडकवून नुसत्या ठेवलेल्या असतात आणि त्यांचा गाभा दाबून घट्ट केलेल्या लाकडी तंतूंचा असल्यामुळे तो एकदा ओलाव्याने फुगला की पुन्हा मूळ आकारावर येत नाही. त्यामुळे अंडरले निवडताना मी दोन गोष्टींवर अडून बसले होते. एक म्हणजे खालून येणारी वाफ रोखणारा पडदा त्यावर असलाच पाहिजे, आणि दुसरी म्हणजे पावलाखाली तो दबता कामा नये, कारण खाली मऊ गादी असेल तर प्रत्येक पावलागणिक खाचा वाकतात आणि काही महिन्यांत तुटतात. युरोपात या वस्तूसाठी ईएन १६३५४ नावाचे मानक आहे, त्यात दाब सहन करण्याची क्षमता किलोपास्कलमध्ये आणि बाष्परोध मीटरमध्ये (म्हणजे किती मीटर हवेच्या थराइतकी वाफ अडते ते) सांगितलेला असतो. कोब्यावर किंवा लादीवर बसवायचे असेल तर हा बाष्परोध किमान ७५ मीटर असावा अशी तिथल्या उत्पादकांची शिफारस आहे. हे सारे वाचून, वहीत उतरवून मगच मी दुकानाची पायरी चढले होते.

दुकानदाराने माझी वही पाहिली आणि म्हणाला, "ताई, तुम्ही एवढा अभ्यास करून आलात, तुम्हाला मी दुसरा माल दाखवणारच नाही." त्याने काळसर रंगाचा, एका बाजूला सोनेरी पडदा असलेला तीन मिलिमीटर जाडीचा नमुना हातावर ठेवला. तळहाताएवढ्या त्या तुकड्याला चांगलेच वजन होते. पॉलियुरेथेनमध्ये खनिजाची पूड मिसळलेला हा प्रकार जड असतो, आणि तो जडपणाच त्याची खूण आहे. भाव ६२ रुपये चौरस फूट. दुसऱ्या एका दुकानात अशाच मालाला ७८ रुपये सांगितले होते, म्हणजे ६२ हा भाव संशय यावा इतका स्वस्तही नव्हता. नमुन्याचा तो तुकडा मी मागून घरी आणला, आणि आज माझ्याकडे जो काही पुरावा आहे तो त्या तुकड्यामुळेच आहे. तुम्हीही नमुना मागून घ्या, आणि तो देण्यास जो का-कू करतो त्याच्याकडून काहीही घेऊ नका.

हिशेब असा होता: लॅमिनेट ३७० चौरस फूट, ११८ रुपयांनी ४३,६६० रुपये, अंडरले ३५० चौरस फूट, ६२ रुपयांनी २१,७०० रुपये, बसवण्याची मजुरी ३४० चौरस फुटांची, १५ रुपयांनी ५,१०० रुपये, स्कर्टिंग ११० फूट, ४५ रुपयांनी ४,९५० रुपये. यावर तो म्हणाला की पक्के बिल हवे असेल तर १८ टक्के वर पडतील, म्हणजे १३,५७४ रुपये. मी कच्ची पावती घेतली. मुंबईत घरकाम काढलेल्या दहांपैकी किती जण पक्के बिल घेतात ते प्रत्येकाने स्वतःला विचारावे आणि मगच मला दोष द्यावा. तरीही सांगते, तो कर भरा. त्या पावतीवर दुकानाचे नाव आणि एक मोबाइल क्रमांक यांखेरीज काहीही नव्हते, आणि पुढे प्रत्येक टेबलावर मला पहिला प्रश्न विचारला गेला तो हाच: "बिल कुठे आहे?" आगाऊ ३५,००० रुपये मी यूपीआयने पाठवले तेव्हा पडद्यावर दुकानाचे नाव न येता एका व्यक्तीचे नाव आले. मी विचारले, तर "माझ्या मेहुण्याचं खातं आहे, चालू खात्याला लिमिट लागलंय" असे उत्तर आले आणि मी बटण दाबले.

पण माझा जीव अडकतो तो त्या क्षणात नाही. तो अडकतो ४ मेच्या शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता, आमच्या दारात.

टेम्पोतून फळ्यांचे खोके दोघांनी धापा टाकत आणले. त्यामागून अठरा-एकोणीस वर्षांचा एक काटकुळा मुलगा काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या दोन जाडजूड गुंडाळ्या घेऊन आला, दोन्ही बगलांत एकेक, आणि मान वाकवून खांद्याने दाबलेल्या मोबाइलवर तो कोणाशी तरी बोलत होता. मी त्याच्यासाठी दार धरून उभी होते. सासूबाईंच्या खुर्चीला जागा व्हावी म्हणून त्यातली एक गुंडाळी मी स्वतः पायाने भिंतीकडे सरकवली, आणि ती सहज सरकली. नमुन्याचे वजन मी तळहातावर अनुभवले होते. तो तुकडा नंतर दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटर असा नेमका कापून स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवला तेव्हा २४ ग्रॅम भरला. म्हणजे त्या दोन गुंडाळ्यांत जेवढा अंडरले असायला हवा होता, त्याचे वजन ७० किलोंहून अधिक व्हायला हवे होते. सत्तर किलो बगलेत मारून कोणीही फोनवर बोलत नाही. जन्मभर आकड्यांची बेरीज-वजाबाकी करणाऱ्या बाईच्या मनात त्या वेळी हा एक गुणाकार आला नाही, आणि गेले कित्येक महिने रात्री जाग आली की मी तोच गुणाकार करत बसते.

तिसरी एक लहान गुंडाळी उघडीच होती. ती मात्र त्याने खांद्यावरून आणली आणि खाली ठेवताना धप्प आवाज झाला. त्यांनी ती माझ्यासमोर उलगडली. काळसर रंग, सोनेरी पडदा, अगदी नमुन्यासारखी. बेडरूमच्या दाराशी तीन फूट रुंद पट्टा अंथरला, सांध्यावर चंदेरी टेप लावली आणि पहिल्या ओळीच्या फळ्या माझ्या डोळ्यांदेखत बसवल्या. मी फोटोही काढला. मग कारागीर म्हणाला, "कटरची धूळ उडणार, आजींना त्रास होईल, संध्याकाळपर्यंत कुठेतरी जाऊन या." सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, आणि त्यांना घेऊन मी भाचीकडे गेले. आता कोणी म्हणेल की काम चालू असताना घर सोडून जाऊ नये. बरोबर आहे. पण दम्याच्या ८१ वर्षांच्या बाईला धुळीत बसवायचे की तीन मिलिमीटरच्या थरावर पहारा करायचा, असा प्रश्न त्या वेळी माझ्यासमोर नव्हताच, कारण माल मी पाहिला होता अशी माझी खात्री होती.

सप्टेंबरमध्ये फळ्या उखडल्या तेव्हा कळले की आमच्या ३४० पैकी फक्त दाराजवळच्या साधारण २० चौरस फुटांखाली खरा अंडरले होता. उरलेल्या ३२० चौरस फुटांखाली पॅकिंगचा पांढरा फोम होता, तोही दोन थरांत, कारण त्याचा एक थर १.६ मिलिमीटरचा भरला आणि दाराजवळच्या तीन मिलिमीटरच्या पट्ट्याशी पातळी जुळवण्यासाठी दुसरा थर लागणारच होता. जाडी मोजायला मी नागदेवी स्ट्रीटवरून ३५० रुपयांचा कॅलिपर विकत आणला. हा फोम तेव्हा साध्या दुकानात ५ रुपये चौरस फुटाने मिळत होता, म्हणजे दोन थरांचे ६४० चौरस फूट धरून ३,२०० रुपये. त्याचे माझ्याकडून १९,८४० घेतले. थेट लुबाडलेली रक्कम १६,६४० रुपये, पण त्यापायी ४३,६६० रुपयांच्या फळ्या गेल्या, कारण दोन मऊ थरांवर फळ्या हिंदकळून बहुतेक खाचा तुटल्या होत्या आणि पडदा नसल्यामुळे कडा ओलाव्याने फुगल्या होत्या. ३७० पैकी जेमतेम ९० चौरस फूट पुन्हा वापरण्यासारखे निघाले. अंडरलेचे दोन थर कधीही घालू देऊ नका. "पायाला मऊ लागेल" असे कोणी म्हणाला तर त्याला तिथेच थांबवा.

जुलैच्या मध्याला फळ्यांच्या कडा बोटाला लागू लागल्या होत्या आणि चालताना पोकळ आवाज येत होता. दुकानदार २४ जुलैला एकदाच आला, उभ्यानेच पाहिले आणि म्हणाला की ८ जुलैला घरात पाणी शिरले असणार. त्या पहाटे मुंबईत काही ठिकाणी सहा तासांत ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला होता हे खरे आहे, परंतु आमच्या इमारतीचे जोते उंच आहे आणि पाणी पहिल्या पायरीलाही लागले नव्हते. स्कर्टिंग काढून एक फळी उचलून दाखवा असे मी म्हटले तर "वॉरंटी जाईल" म्हणाला. दोन दिवसांनी त्याचा फोन बंद झाला, आणि ऑगस्टमध्ये दुकानावर दुसऱ्याच व्यवसायाची पाटी लागलेली दिसली. फळ्या उचलल्या तेव्हा दोन्ही थरांच्या मध्ये पाणी होते, काळी बुरशी होती आणि असा वास आला की सासूबाईंना आठ दिवस दुसरीकडे ठेवावे लागले.

यानंतर मी ज्या ज्या दारी गेले त्यांविषयी लिहिताना हात आवरत नाही. पोलीस ठाण्यात ३ सप्टेंबरला गेले. ड्यूटीवरील अधिकाऱ्याने पिशवीतला फोम न काढताच विचारले, "गादीचा आहे का?" आणि ही दिवाणी बाब असल्याचे सांगितले. नमुना एक दाखवून, दारात त्याचाच पट्टा अंथरून, पाठ वळताच दुसरा माल टाकणे यात हेतू आहे, नियोजन आहे, आणि मे २०२४ मध्ये लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० मध्ये फसवणूक हा गुन्हा आहे, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी मला १० तारखेला बोलावले. १० तारखेला साहेब गणपतीच्या बंदोबस्तात होते. २३ तारखेला अर्ज घेतला, पण पोच मागितल्यावर "विश्वास नाही का?" असे विचारले. शिक्का मिळेपर्यंत मी पाऊण तास बाकावरून उठले नाही. ऑक्टोबरच्या मध्यापासून निवडणुकीचा बंदोबस्त सुरू झाला. २० नोव्हेंबरचे मतदान झाले, निकाल लागला, आणि डिसेंबरमध्ये दोन ओळींचे पत्र आले की बाब दिवाणी स्वरूपाची असल्याने सक्षम न्यायालयात दाद मागावी. हे सांगायला त्यांना तीन महिने लागले, आणि जी गोष्ट ३ सप्टेंबरला तोंडी सांगितली होती तीच टाइप करून पाठवली. या तीन महिन्यांत यूपीआयवर आलेल्या त्या नावाच्या माणसाला एक फोनही कोणी केला नाही.

हा माणूस पक्के बिल न देता व्यापार करतो अशी तक्रार मी एका सरकारी कार्यालयात केली, तिला उत्तरच आले नाही. दुसऱ्या एका कार्यालयात मला सांगण्यात आले की माझ्याकडे बिल नाही, सबब मी ग्राहकच ठरत नाही. हे साफ चुकीचे आहे. मोबदला दिला आणि तो दिल्याचा पुरावा असला की माणूस ग्राहक ठरतो. माझ्याकडे यूपीआयची नोंद होती, पावती होती, संदेश होते, फोटो होते. मी ते टेबलावर मांडले तर समोरच्या बाईंनी जेवणाची वेळ झाल्याचे सांगितले. ज्यांचे पगार आपल्या करातून होतात त्यांना १६,६४० रुपये ही रक्कम क्षुल्लक वाटते. त्या रकमेसाठी आम्हाला किती महिने हात आखडता घ्यावा लागला ते कोणी विचारले नाही.

अखेर मी वकील न करता ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येते, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. दाखल करण्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. समोरच्याचा पत्ता मात्र तुमच्याकडे हवा. तो शोधायलाच मला सात आठवडे लागले, आणि पक्क्या बिलावरच्या १५ अक्षरी जीएसटी क्रमांकावरून तो दोन मिनिटांत मिळाला असता. महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्याचा हा क्रमांक २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तो खरा आहे की नाही ते कोणालाही तपासता येते. पैसे देण्याआधी दुकानातच उभे राहून तपासा.

अंडरले एका दुकानातून आणि बसवणारा कारागीर दुसरीकडून घ्या. गुंडाळी दारात आली की ती काट्यावर ठेवा, मधोमध उलगडा आणि नमुन्याशी ताडून पाहा. स्कर्टिंग ठोकण्याआधी खोलीच्या मधली, तुम्ही सांगाल ती फळी उचलून दाखवायला लावा, आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या. मी ३०,००० रुपये माल उतरताच रोख दिले होते आणि १०,४१० संध्याकाळी परतल्यावर, चकचकीत जमीन पाहून. तळमजल्यावर साधाच अंडरले परवडत असेल तर त्याखाली २०० मायक्रॉनचे प्लास्टिक, सांध्याला २० सेंटिमीटर एकमेकांवर घेऊन आणि टेप लावून, अवश्य घाला. त्यांना फोमच घालायचा होता तर एवढे केले असते तरी निदान ओल अडली असती.

आम्ही पुन्हा लॅमिनेट घातलेले नाही. १९७४ च्या लाद्या घासून पॉलिश करून घेतल्या आहेत आणि सासूबाई त्यांवरूनच चालतात. फोमचा बुरशी लागलेला तुकडा आणि २४ ग्रॅमचा नमुना दोन वेगळ्या पिशव्यांत घालून, त्यांवर तारीख लिहून मी कपाटात ठेवला आहे. पुढच्या तारखेला ते दोन्ही तुकडे काट्यासह आयोगापुढे न्यायचे आहेत.