स्वॅप केलेलं इंजिन दुसऱ्या बॉडीत: घरी करावं की उद्यमनगरात द्यावं?

ड्रायव्हर सीटखालचं मॅट उचललं आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक पत्र्यावर टेकवलं. जोर लावावाच लागला नाही. टोक आरपार गेलं आणि भोकातून खालची फरशी दिसली. याच गाडीचं इंजिन त्या दिवशी सकाळी पहिल्या सेल्फला सुरू झालं होतं.

ही माझी 1998 ची जिप्सी किंग. मूळची कार्ब्युरेटरवाली. 2016 साली तिच्यात नंतरच्या जिप्सीचं 16 व्हॉल्व्हचं एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल घेणारं, इंजिन बसवलं (यालाच स्वॅप म्हणतात) आणि आरटीओची परवानगी काढून त्याचा नंबर आरसीवर चढवून घेतला. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी 55 फुटांच्या पुढं गेलं, तेव्हा कोल्हापूरच्या शाहूपुरीत उभी असलेली ही गाडी सीटपर्यंत बुडाली. इंजिन वाचलं, कारण पाणी उतरल्यावर कुणी किल्ली फिरवली नाही. आधी ऑइल काढलं, प्लग काढले, आतलं पाणी काढलं, मगच पुढचं. ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, मी डॅशच्या वरच्या अंगाला बसवलं होतं, तेही बचावलं. पत्रा मात्र गेला. पुराचा गाळ बॉक्स सेक्शनमध्ये, म्हणजे पत्र्याच्या पोकळ कप्प्यांत, बसतो आणि गंज आतून खात येतो. बाहेर फोड दिसेपर्यंत चार पावसाळे निघून गेलेले असतात.

तुमचीही अशीच अवस्था असेल, म्हणजे इंजिन जीव लावून बसवलेलं आणि बॉडी कुजलेली, तर पुढं तीन वाटा आहेत. आहे ती बॉडी पत्रा लावून दुरुस्त करणं. त्याच चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, दुसरी बॉडी ठेवणं. किंवा दुसरी अख्खी गाडी घेऊन आपलं इंजिन तिच्यात हलवणं. यातली कुठलीही घरी करता येते, किंवा उद्यमनगरातल्या, म्हणजे कोल्हापूरच्या वर्कशॉपांच्या भागातल्या, गॅरेजलाही देता येते. मी पहिली वाट दोनदा चाललो आणि मग दुसऱ्या वाटेनं गेलो.

पत्रा लावत बसण्याबद्दल थोडक्यातच सांगतो. गंज एकाच जागी असेल, म्हणजे एखादी दाराची कड किंवा मागचा कोपरा, तर खुशाल पत्रा कापून नवा लावा. पण जिथं बॉडी चासीवर बोल्टनं बसते ते कप्पे कुजले असतील, तर त्यावर केलेला खर्च पाण्यात गेला समजा. तिथं वेल्डिंग धरायला चांगला पत्राच उरलेला नसतो. माझ्या गाडीला पहिल्या वेळी छान फिनिशिंग मिळालं आणि सव्वा वर्षात लांबी, म्हणजे पत्र्यावर भरलेली पुट्टी, पापडासारखी सुटून आली. हातात चुंबक घ्या, त्याला फडकं गुंडाळा आणि बॉडीवर फिरवा. जिथं तो पकडत नाही तिथं पत्र्यावर लांबीचा जाड थर आहे. अशा जागा चार-पाचच्या वर निघाल्या तर पुढच्या दोन वाटांचा विचार करा.

आधी नंबर कुठं कोरलाय ते बघा

दुसरी बॉडी की दुसरी गाडी, हा निर्णय पान्यांच्या आधी कागदावर होतो. जिप्सीला, जुन्या जीपला चासी वेगळी आणि बॉडी वेगळी असते. चासी नंबर लोखंडी चासीवर असतो. वरचा टब, म्हणजे बॉडी, बदलला तरी कायद्याच्या नजरेत गाडी तीच राहते: चासी नंबर तोच, इंजिन नंबर तोच. रंग बदलला तर तेवढी नोंद आरसीवर करून घ्यायची आणि विमा कंपनीला कळवायचं.

मारुती 800, झेन, एस्टीम यांचं तसं नाही. तिथं वेगळी चासी नाहीच. बॉडी हीच चासी आणि नंबर बॉडीच्याच पत्र्यावर. म्हणजे 800 ची बॉडी बदलणं याचा अर्थ दुसरी गाडी घेणं, दुसऱ्या वाटेनं जायला मार्गच नाही. मग ज्या गाडीची बॉडी, तिचीच आरसी चालणार आणि त्या आरसीवर तुमच्या इंजिनाची नोंद व्हायला हवी. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 याच बाबतीतलं आहे. इंजिन बदलण्याआधी आरटीओची मंजुरी लागते आणि इंजिन कुठून आलं त्याचे कागद हाताशी लागतात. कंपनीनं मंजूर करून घेतलेल्या मूळ आराखड्याशी विसंगत ठरणारे बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 च्या निकालात स्पष्ट केलंय. बेकायदा बदलाला कलम 182अ खाली दर बदलामागं 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

जुन्या बॉडीवरचा नंबराचा तुकडा कापून नव्या बॉडीवर वेल्ड करून देतो असं सांगणारे भेटतील. त्यांच्या दारातून सरळ परत फिरा. तो सरळ गुन्हा आहे. गाडी 15 वर्षांची झाली की दर 5 वर्षांनी नूतनीकरणाला न्यावी लागते, तिथं हा नंबर तपासला जातो आणि तुमची सगळी मेहनत आवारात अडकून पडते.

म्हणून माझं स्पष्ट मत: चासीवाली गाडी असेल आणि चासी निरोगी असेल तर टब बदला. 800 सारखी गाडी असेल तर दुसरी गाडी घेण्याआधी इंजिनाचे कागद घेऊन आरटीओत विचारून या, मंजुरीची खात्री झाल्यावरच पैसे मोजा.

इंजिन हलवणं हे सगळ्यात सोपं काम

टब बदलण्याचा मोठा फायदा फार जणांच्या लक्षात येत नाही. त्यात इंजिन हलवावंच लागत नाही. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, प्रोपेलर शाफ्ट सगळं चासीवर जागच्या जागी राहतं, फक्त वरची बॉडी उचलली जाते. चेन ब्लॉक नाही, घराच्या स्लॅबच्या हुकाला इंजिन टांगण्याचा जीवघेणा प्रकार नाही. मंगळवार पेठेतल्या तालमीतली आठ पोरं रविवारी सकाळी आली, दारं, काच, सीटा आधीच उतरवलेल्या होत्या. दोघं-दोघं चारी कोपऱ्यांना लागले आणि टब उचलून अंगणात ठेवला. उचलायला पाच मिनिटंही लागली नाहीत. त्याआधीची सोडासोड मात्र तीन रविवार चालली होती. बोल्ट गंजलेले असतात, आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवावं लागतं, तरी काही कापावेच लागतात.

दुसऱ्या अख्ख्या गाडीत इंजिन हलवायचं असेल तर इंजिन दोनदा उतरवणं आलं, एकदा त्यांचं आणि एकदा आपलं. उद्यमनगरातल्या मेस्त्रीला यात काही विशेष वाटत नाही. माझ्या ओळखीच्या एका मेस्त्रींना घरी बोलावून बॉनेट उघडून दाखवलं. ते म्हणाले, "इंजिन काय ओ, सकाळी धरलं तर दुपारच्याला खाली. पर ह्या वायरी कुणी जोडल्यात ते सांगा आधी."

सगळी मेख तिथंच आहे. कंपनीची गाडी असेल तर कुठलाही चांगला वायरमन डोळे मिटून जोडणी करतो, कारण अशा शंभर गाड्या त्याच्या हाताखालून गेलेल्या असतात. स्वॅप केलेली गाडी जगात एकच असते. माझ्या गाडीत कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय आलं, म्हणजे ईसीएम आलं, सेन्सर आले, टाकीत जास्त दाबाचा पंप आला, पेट्रोल परत नेणारी लाइन आली. कार्ब्युरेटरच्या गाडीचा साधा रबरी पाइप तो दाब सोसत नाही, म्हणून पाइप आणि क्लिपा बदलल्या. एअर फिल्टरची डबी बसावी म्हणून बॅटरीचा ट्रे सरकवला. फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, हार्नेससाठी (वायरींच्या जुडग्यासाठी) एक भोक पाडून रबर ग्रोमेट बसवला. नव्या टबला यातलं काहीही नसतं. ते भोक, तो ट्रे, तो ब्रॅकेट सगळं नव्यानं करावं लागतं आणि कुठं काय आहे ते फक्त ज्यानं स्वॅप केला त्याला ठाऊक असतं.

म्हणून गॅरेजला काम देण्यात सर्वात मोठी जोखीम कामाच्या दर्जाची नसते, घाईची असते. मेस्त्रीच्या दारात चार गाड्या उभ्या असतात. कनेक्टर सुटत नसेल तर तो वायर कापतो, नंतर पिळून टेप मारतो. हेडलाइटला ते चालतं. सेन्सरच्या वायरला चाललं तरी पुढच्या पावसात गगनबावड्याच्या घाटात गाडी बंद पडते. घरी तुम्ही दर कनेक्टरला कागदी टेपची चिठ्ठी लावता, पेननं लिहिता, फोटो काढता. मी एकशे बारा चिठ्ठ्या लावल्या होत्या. जोडताना एकही वायर कापावी लागली नाही.

तरीही गाडी पहिल्या दिवशी नीट चालली नाही. सुरू व्हायची, दोन मिनिटं चालायची, मग आरपीएम वर-खाली आणि चेक इंजिनचा दिवा. हेडलाइट लावला की इंजिन बंद. दोन संध्याकाळी मी पंप, रिले, सेन्सर तपासत बसलो. शेवटी अर्थिंगच्या बोल्टकडे बघितलं. नवा टब सुंदर रंगवलेला होता आणि अर्थिंगची रिंग त्या रंगावरच घट्ट आवळलेली होती. रंग वीज नेत नाही. पॉलिश पेपरनं रुपयाएवढा गोल चकचकीत घासला, रिंग बसवली, वरून ग्रीस लावलं. इंजिन ते बॉडी एक जाड पट्टी जादा टाकली. त्यानंतर दिवा लागला नाही. तुम्ही बॉडी रंगवायला द्याल तेव्हा अर्थिंगच्या जागांवर आधीच टेप चिकटवून द्या.

घरी काय, बाहेर काय

सगळं घरी किंवा सगळं बाहेर असा हट्ट धरू नये असं मला मनापासून वाटतं. सोडासोड, वायरिंग, पेट्रोल लाइन, ब्रॅकेट, शेवटची जुळवाजुळव घरी करा, कारण ते तुमच्या गाडीचं ज्ञान आहे आणि ते विकत मिळत नाही. वेल्डिंग आणि रंग बाहेर द्या. पातळ पत्र्याला सीओटू वेल्डिंग लागतं. घरच्या साध्या आर्कनं पत्रा जळून भोकं पडतात. हात बसलेला पत्राकामवाला कोल्हापुरात शोधावा लागत नाही. ज्या गावानं पिढ्यानपिढ्या ओतकाम आणि ऑइल इंजिनं केली तिथं ब्रॅकेट कापून, ड्रिल मारून, हवा तसा वाकवून देणारा माणूस चालत जायच्या अंतरावर असतो. नमुना म्हणून पुठ्ठ्याचा कटआउट घेऊन जा, तोंडी माप सांगू नका.

ब्रेकच्या बाबतीत तडजोड नको. मास्टर सिलिंडर फायरवॉलवर असतो, म्हणजे टब बदलताना ब्रेकचे पाइप सुटणारच. जुने गंजके पाइप परत वापरू नका. बसवणं घरी केलंत तरी हवा काढून झाल्यावर अनुभवी माणसाकडून तपासून घ्या. स्टिअरिंगच्या कपलिंगचंही तेच. नंतर व्हील अलाइनमेंट.

जागा आणि वेळ यांचा विचार प्रामाणिकपणे करा. दोन बॉड्या आणि एक चासी एवढं मावेल अशी, वरून झाकलेली जागा लागते. गल्लीत, रस्त्याकडेला हे काम करू नका, शेजाऱ्यांशी संबंध बिघडतात आणि सुटे भाग हरवतात. मी तीन रविवारांचा अंदाज बांधला होता, सात लागले. गाडी रोज कामाला लागत असेल, तर घरी करू नका. काम गॅरेजला द्या, पण वायरिंगच्या दिवशी रजा काढून स्वतः शेजारी उभे राहा. मला गॅरेजमध्ये सांगितलेली मजुरी जुन्या टबच्या किमतीच्या वर जात होती. तुमच्याकडे चासीवाली गाडी असेल तर तो फरक घरी काम करण्याच्या बाजूनं जातो. 800 सारख्या गाडीत इंजिन उतरवायची साधनं भाड्यानं आणावी लागतात, तिथं हा फरक बराच कमी होतो.

टब घेताना गाव विचारा. रत्नागिरी-मालवणकडची बॉडी वरून कितीही चांगली दिसली तरी खारी हवा आतून काम करून गेलेली असते. सोलापूर, जत, लातूर या कोरड्या भागातली बघा. रंग उडालेला असेल, पण पत्रा खणखणीत वाजतो. नवीन बनवून मिळणारे टबही बाजारात आहेत. मी दोन पाहिले, चासीच्या बोल्टची भोकं जुळत नव्हती आणि पत्रा पातळ होता. आकार मूळ बॉडीपेक्षा वेगळा असेल तर परवानगीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. मी कंपनीचाच जुना टब घेतला आणि बॉडीखालची रबरं मात्र सगळी नवी टाकली. जुनी रबरं दबलेली असली की बॉडी वाकडी बसते, मग दारं लागत नाहीत आणि दोष बिजागरीला जातो.

काम दिवाळीनंतर धरा आणि मे संपायच्या आत उरका. जुलैच्या दमट हवेत घासलेल्या पत्र्यावर एका रात्रीत तांबूस साय धरते. ज्या दिवशी पत्रा उघडा कराल त्याच दिवशी प्रायमर मारा.

आणि पहिला बोल्ट सोडायच्या आधी एक रविवार फक्त एवढंच करा. गाडीखाली जा, वायर ब्रशनं चासी नंबरची जागा घासा, टॉर्च धरून फोटो काढा आणि एकेक अक्षर आरसीशी ताडून बघा. एखादं अक्षर जरी गंजानं खाल्लेलं निघालं, तर गाडी आहे तशी, जुन्या बॉडीसकट, आधी आरटीओत नेऊन दाखवा. बॉडी उतरवलेल्या चासीची ओळख पटवून देणं फार अवघड जातं.