कर्ज डोईजड झालंय: तडजोड, लोकअदालत की नादारी?

मे सरला की गोव्याच्या किनारपट्टीवरच्या टॅक्सीवाल्याची, शॅकमधल्या वाढप्याची, गाड्यावर रोस ऑम्लेट विकणाऱ्याची कमाई आटते. हप्ता मात्र ठरलेल्या तारखेला हजर. दोन-तीन पावसाळे असे गेले की कुणीतरी सांगतं, "नादारी घे, सगळं माफ होतं." दुसरा म्हणतो, "बँकेशी सेटलमेंट कर, निम्म्यात सुटशील." दोन्ही सल्ले अर्धेच खरे आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो: जवळ फारसं काही नाही आणि कमाई तुटपुंजी, अशा बहुतेकांनी आधी लोकअदालतीचा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या संमतीने तंटा मिटवून निवाडा देणाऱ्या बैठकीचा, रस्ता धरावा. नादारी, म्हणजे कर्ज फेडता येत नाही असं कोर्टाकडून जाहीर करून घेणं, हीही काही जणांना सोयीची पडते, पण ते थोडे.

एक गैरसमज आधी दूर करू. मोबाईलवर शोधलं की 2016च्या दिवाळखोरी संहितेतली 'नवी सुरुवात' नावाची सोय दिसते: वार्षिक उत्पन्न 60,000पर्यंत, मालमत्ता 20,000पर्यंत, कर्ज 35,000पर्यंत, स्वतःचं घर नाही, तर कर्जमाफी. ऐकायला छान आहे. पण संहितेतला तो भाग सामान्य माणसाला लागू झालेला नाही. 1 डिसेंबर 2019पासून व्यक्तींसाठीच्या तरतुदी फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरत्या सुरू झाल्या, त्यातही 'नवी सुरुवात' नाही. शिवाय या आकड्यांत बसणारा माणूस आजच्या गोव्यात शोधूनच काढावा लागेल. म्हणजे तुमच्या-आमच्यासाठी उरतो तो 1920चा प्रांतिक नादारी कायदा.

आता उदाहरण घेऊ. समजा पेडण्याचा एक टॅक्सीवाला आहे. बँकेचं गाडीचं कर्ज 4 लाख 20 हजार. पतसंस्थेचं दीड लाख, त्याला चुलतभाऊ आणि शेजारी असे दोन जामीनदार. क्रेडिट कार्डाचे 90 हजार. बायकोच्या नावावर मायक्रोफायनान्सचे 40 हजार. एकूण सात लाख. आकडा एकच दिसतो, पण ही चार वेगळी कर्जं आहेत आणि प्रत्येकाला औषधही वेगळं.

गाडीचं कर्ज लवकर निकालात निघतं, कारण तिथे निवडायला फारसं काही नाही. गाडी तारण आहे. नादारी घेतली तरी तारणावरचा बँकेचा हक्क जात नाही. गाडी ओढून नेऊन लिलावात गेली तर भाव पडतो, आणि विक्रीनंतर उरलेली थकबाकी पुन्हा तुमच्याच डोक्यावर. त्यापेक्षा बँकेची लेखी परवानगी घेऊन आपणच गिऱ्हाईक शोधून विकलेली बरी. मनाला पटत नाही, पण हिशेबाला पटतं.

कार्डाच्या 90 हजारांना तारण नाही, जामीनदार नाही. इथे थेट तडजोड सर्वात सोपी. तडजोडीबद्दल रिझर्व्ह बँकेने जून 2023मध्ये बँकांना चौकट घालून दिली आहे, त्यामुळे मागायला लाजू नका. फोनवर "साहेबांनी हो म्हटलंय" याला काडीची किंमत नाही. रक्कम, शेवटची तारीख आणि 'यानंतर काही येणे नाही' हे बँकेच्या पत्रावर आलं, की मगच पैसे भरायचे, तेही थेट खात्यात. वसुलीवाल्याच्या हातात किंवा त्याच्या मोबाईल नंबरवर कधीच नाही. तोटा असा की सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, 'क्लोज्ड'ऐवजी 'सेटल्ड' असा शेरा बसतो आणि पुढे कर्ज मागताना तो आडवा येतो. आधीच थकबाकीदार असलेल्याने याचं फार मनाला लावून घेऊ नये.

पतसंस्थेच्या कर्जाचा गुंता मोठा. थेट तडजोडीला संचालक मंडळ तयार होईलच असं नाही, आणि ही तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे चालत नाही. पतसंस्था सहकार निबंधकांच्या अखत्यारीत येते. नादारी घेतली तर तुम्ही सुटाल, जामीनदार सुटणार नाहीत. कर्जदाराइतकीच जबाबदारी जामीनदाराची असते आणि तुमच्या नादारीतल्या मुक्ततेचा त्यांना काडीचा उपयोग नाही. म्हणजे चुलतभावाच्या पगारावर जप्ती आणि चतुर्थीला एकाच माटोळीखाली बसायची पंचाईत. अशा कर्जाला लोकअदालत उत्तम: दोन्ही जामीनदारांना सोबत न्या, आणि ठरलेली रक्कम भरल्यावर तेही मोकळे, हे निवाड्यात लिहून घ्या.

लोकअदालतीला फी नाही. दावा कोर्टात पडलेला असेल तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. दावा दाखल व्हायच्या आधीही प्रकरण नेता येतं. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. राष्ट्रीय हेल्पलाइन 15100. पण एक धोका नीट समजून घ्या. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, आणि तो कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच बजावला जातो. तिथे भिडेखातर कबूल केलेला हप्ता जुलैत चुकला की थेट जप्ती. म्हणून सारखा मासिक हप्ता मान्यच करू नका. ऑक्टोबर ते मे जड हप्ता, जून ते सप्टेंबर हलका, अशी मागणी करा. हे मागणारे कमी भेटतात आणि मला त्याचं नवल वाटतं; गोव्यात हंगाम म्हणजे काय हे समोरच्याला समजावून सांगावं लागत नाही.

बायकोचं मायक्रोफायनान्सचं कर्ज तिचं स्वतःचं आहे. नवऱ्याच्या नादारीने ते हलत नाही. पण सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होतील असं कर्ज द्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा 2022चा नियम आहे. तो मोडून कर्ज दिलं असेल तर बोलणी करताना हा मुद्दा हातात ठेवा. या कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी 9च्या आधी आणि संध्याकाळी 6नंतर दारात यायचं नाही. बँकेच्या इतर कर्जांसाठी फोनची वेळ 8 ते 7.

मग नादारी कुणासाठी? पैसे मागणारे घेणेकरी पाच-सहा, कुणीच ऐकत नाही, मागे जामीनदार नाहीत, आणि कोर्टाचा जप्तीचा हुकूम निघालाय, अशांसाठी. अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा. कर्ज 500 रुपये असलं तरी चालतं, हा आकडा 1920पासून तसाच आहे. नादार ठरलात की मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि तारण नसलेल्या घेणेकऱ्यांना कोर्टाच्या परवानगीशिवाय तुमच्यामागे लागता येत नाही. ही खरी विश्रांती. मुक्तता मात्र आपोआप मिळत नाही. कोर्टाने दिलेल्या मुदतीत वेगळा अर्ज करावा लागतो, नाहीतर नादारीच रद्द होते. रुपयामागे निदान आठ आणे फेडण्याइतकी मालमत्ता नसेल तर ते तुमच्या दोषाने झालं नाही, हे पटवून द्यावं लागतं. सरकारी देणं, फसवणुकीतून झालेलं देणं आणि पोटगी यांतून सुटका नाहीच.

नादारी घेण्याआधी घरी एक हिशेब मांडा: जप्ती झालीच तर तुमचं जाणार काय? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60नुसार नेसूचे कपडे, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, भविष्य निर्वाह निधी आणि मजुराची मजुरी यांना हात लावता येत नाही. पगारातले पहिले 1,000 आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. 18,000 पगार असेल तर 12,333 तुमचे, जास्तीत जास्त 5,667 जप्त. तेही 24 महिने चाललं की पुढे 12 महिने थांबतं, आणि त्याच हुकूमनाम्यासाठी तर कायमचं. ज्याचं जाण्यासारखं काही नाही त्याला नादारीचं संरक्षण विकत घेऊन काय मिळणार? आणि कर्जासाठी तुरुंगाची धमकी म्हणाल, तर पैसे असूनही मुद्दाम न देणाऱ्याला किंवा मालमत्ता लपवणाऱ्याला, पळू पाहणाऱ्याला दिवाणी कोठडी होऊ शकते, नुसत्या गरिबीसाठी नाही. पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटक करता येत नाही.

चेकचं मात्र वेगळं. सुरक्षेसाठी दिलेला चेक वटला नाही आणि कलम 138ची नोटीस आली, तर तो फौजदारी मामला आहे, नादारीने तो मिटत नाही. नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे भरा, निदान उत्तर तरी द्या.

आता तयारी. वाट कुठलीही धरा, ही लागतेच. घर बायकोच्या किंवा भावाच्या नावावर करून टाकायची बुद्धी अनेकांना सुचते. नादारीआधीच्या दोन वर्षांत फुकट दिलेली मालमत्ता कोर्ट परत ओढू शकतं, आणि तुमच्या प्रामाणिकपणावर डाग लागतो तो वेगळाच. त्यातून गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिकच धरली जाते, त्यामुळे नाव बदलून हाती काही लागत नाही. उलट कर्ज संसारासाठी घेतलं होतं की तुमच्या एकट्याच्या कामासाठी, यावर तिचा अर्धा वाटा वाचतो की नाही हे ठरू शकतं. वकिलाला हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. मित्राचे उसने आधी फेडायची घाईही नको, अर्जाआधीच्या तीन महिन्यांतलं असं देणं रद्द होऊ शकतं.

आणि एक लहानशी गोष्ट. ज्या बँकेचं कर्ज थकलंय तिथल्याच तुमच्या खात्यात गृहआधारचे (गोवा सरकारची गृहिणींसाठीची मदत) किंवा पगाराचे पैसे येत असतील, तर बँक ते कर्जात वळते करू शकते. बोलणी सुरू करण्याआधी ते पैसे दुसऱ्या बँकेच्या खात्यात घ्यायची व्यवस्था करा.