‘ॲन ऑफ द आयलंड’: सात महिने, तीन वाचनं

पहिल्यांदा संपवलं तेव्हा तीनच स्टार दिले होते. तिसऱ्या वाचनानंतर ते मागे घेतोय.

लूसी मॉड मॉंटगोमेरीचं हे १९१५चं पुस्तक, ॲन शर्लीच्या गोष्टीतला तिसरा भाग. आधीचे दोन वाचले नसतील तर सुरुवात इथून करू नका. अर्पणपत्रिकाच मुळी ॲनबद्दल ‘अजून हवं’ म्हणणाऱ्या जगभरच्या मुलींना आहे. हट्टाखातर लिहिलेलं वाटावं इतकं मधेमधे पाणी घातलंय. शेजारपाजारच्या गप्पांची काही पानं मी तिन्ही वेळा उडवली.

ॲन कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरून रेडमंड कॉलेजात जाते. तिचा बालमित्र गिल्बर्ट लग्नाचं विचारतो, ती नाही म्हणते. मी गिल्बर्टच्या बाजूचा, त्यामुळे जाम वैतागलो. पुढे रॉय गार्डनर येतो: देखणा, श्रीमंत, कविता करणारा. तिने लहानपणापासून मनात रंगवलेला नायकच!

दुसऱ्या वाचनात बेकिंग पावडरपाशी थबकलो. ॲनने जीव ओतून लिहिलेली प्रेमकथा मासिकांकडून परत येते. तिची जिवलग मैत्रीण डायना तिला न विचारता त्यात एका बेकिंग पावडरची भलामण घुसडते, कंपनीच्या स्पर्धेला पाठवते आणि २५ डॉलरचं बक्षीस येतं! ॲनला कुठे तोंड लपवू असं होतं. आधी मी नुसता हसलो होतो. पण त्याच कथेतली नटवलेली वर्णनं काढून टाक, असं शेजारच्या हॅरिसनने तिला आधीच बजावलेलं असतं. पुढे रॉय मागणी घालतो ती अशाच सजवलेल्या भाषेत, आणि ॲनच्या तोंडून ‘हो’ निघत नाही. मग तिचा गिल्बर्टला दिलेला नकारही मला वेगळा दिसायला लागला. प्रेम कसं दिसतं हे तिने आधीच ठरवून ठेवलेलं, त्यात हा बालमित्र बसणार कसा?

ॲनची शाळेपासूनची मैत्रीण रूबी गिलिस हिचं प्रकरण मात्र पहिल्यापासून छळतंय. क्षयाने खंगलेली रूबी बरी होणार असंच बोलत राहते आणि एका संध्याकाळी ॲनजवळ मरणाची भीती कबूल करते. ती गेल्यावर तिची आई ॲनला एक अर्धवट भरतकाम देते. सुई तिने शेवटची टोचली होती तिथेच. या पानानंतर मी दरवेळी पुस्तक दोन दिवस बाजूला ठेवलंय.

तक्रार शेवटाबद्दल. गिल्बर्टला टायफॉइड होतो आणि एका रात्रीत ॲनला सगळं उमगतं. सोपी पळवाट वाटली. खरं तर पदवीदानाला रॉयची फुलं सोडून ती गिल्बर्टने पाठवलेली लिली घेऊन जाते, तिथेच सगळं सांगून झालं होतं. तिसऱ्या वाचनात तो ताप मला नकोच झाला.

साडेचार स्टार. अर्धा टायफॉइडचा कापला.