मास गेनरचा तीन किलोचा डबा, कोल्हापुरी तराजूत

राजारामपुरी असो की शाहूपुरी, सप्लिमेंटच्या दुकानात सगळ्यात मोठा डबा मास गेनरचा, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीचा. वरच्या फळीवर, रस्त्यावरनं दिसेल असा मांडलेला. घेणारा बहुतेक वेळा विशीतला, ५०-५५ किलोचा, "काय बी खाल्लं तरी अंगाला लागत नाही" म्हणणारा. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, या सबंध प्रकाराचं आहे. झाकणाचा रंग बदलला तरी आतला माल फारसा बदलत नाही.

निकाल आधीच सांगतो: पाचापैकी दीड. त्यातला एक गुण वजन खरंच वाढतं म्हणून आणि अर्धा चॉकलेटच्या चवीला.

डबा हातात घेतला की समोरचे दंड बघायचे नाहीत, फिरवून मागचा तक्ता वाचायचा. दर १०० ग्रॅमला एक रकाना, दर सर्व्हिंगला दुसरा आणि पुष्कळ डब्यांवर 'दुधासोबत' असा तिसरा. समोर ठळक छापलेले आकडे पुष्कळदा या तिसऱ्या रकान्यातले असतात. म्हणजे दूध तुमचं आणि नाव डब्याचं. दुसरी खोच सर्व्हिंगची. एका कंपनीची सर्व्हिंग ७५ ग्रॅम, दुसरीची १००, तिसरीची १५०. त्यामुळं दोन डब्यांची तुलना करायची तर ती १०० ग्रॅमच्या रकान्यावरच.

मध्यम किमतीच्या डब्यात तिथं साधारण ३८० कॅलरी, १५ ग्रॅम प्रोटीन आणि ७५ ग्रॅमच्या आसपास कार्ब (म्हणजे पिष्ट आणि साखर) सापडतात. आता घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावी लागते, म्हणून पहिलं नाव महत्त्वाचं. गेनरमध्ये तिथं बहुतेक वेळा माल्टोडेक्स्ट्रिन असतं, म्हणजे मका किंवा तसल्या कशाच्या तरी स्टार्चपासून केलेली पांढरी भुकटी. जिभेला ती फार गोड लागत नाही, पण रक्तातली साखर जवळपास ग्लुकोजच्याच वेगानं चढवते. गंमत अशी की तक्त्यात 'साखर' या ओळीत ती मोजली जात नाही, एकूण कार्बमध्ये जाते. 'साखर फक्त ५ ग्रॅम' वाचून घरात मधुमेह असलेला पोरगा निर्धास्त होतो, तो इथं फसतो.

तीन किलोचा हिशेब असा: प्रोटीन ४५० ग्रॅम, कार्ब सव्वादोन किलो. किंमत दोन हजारांच्या आसपास धरली तर प्रोटीनचा एक ग्रॅम साडेचार रुपयांना पडतो. तेवढंच ४५० ग्रॅम प्रोटीन ७५ अंड्यांत मिळतं, म्हणजे अडीच ट्रे. सात रुपयांचं अंडं धरलं तर सव्वापाचशे रुपये. फुटाण्यांत एक ग्रॅम रुपयाच्या आत बसतो, सोयाबीनच्या वड्यांत पन्नास पैशांच्याही खाली. चांगल्या व्हे प्रोटीनचा (दुधातून काढलेल्या प्रोटीनच्या पावडरीचा) डबा महाग म्हणून गेनर घेणाऱ्यांनीही हा भागाकार करून बघावा. ग्रॅममागं व्हे गेनरपेक्षा स्वस्त पडतं.

वजन वाढतं हे मात्र खोटं नाही. १५० ग्रॅम पावडर म्हणजे ५७० कॅलरी, रोज वरच्या गेल्या तर काटा हलणारच. अडचण 'वरच्या' या शब्दात आहे. सकाळी शेक मारला की पोट डब्ब होतं, मग नाश्ता सुटतो, दुपारी चारऐवजी दोन भाकरी जातात. दिवसाची बेरीज तिथल्या तिथं राहते. ज्यांचं जेवण टिकतं त्यांचं वजन महिन्याला तीन-तीन किलो वाढतं आणि पँट कमरेला अडकते. ५५ किलोच्या माणसानं महिन्याला एक किलोच्या आसपास वाढवावं. त्याहून वेगानं चढलेलं बहुतांश चरबी आणि पाणी. महिन्याच्या किलोभरासाठी रोज ३०० ते ५०० कॅलरी जादा पुरतात.

पोटाच्या तक्रारी नेहमीच्या: गुडगुड, वात, जुलाब. एका दमात शंभर ग्रॅमहून जास्त कार्ब, त्यात दुधाच्या पावडरीतलं लॅक्टोज (दुधातली साखर) आणि वर पुन्हा अर्धा लिटर दूध. लॅक्टोज न पचणारे लोक आपल्याकडं खूप आहेत आणि पुष्कळांना ते ठाऊकच नसतं. "पावडर गरम पडली" म्हणतात त्यातल्या बऱ्याच तक्रारी खरं तर याच असतात.

या डब्याचा खप ज्या अज्ञानावर चालतो ते अगदी साधं आहे. बारला अडीच किलोची प्लेट लावली की सव्वा किलोची, हे जिममधल्या प्रत्येकाला पाठ असतं. काल डाळ किती ग्रॅम खाल्ली हे कुणालाच सांगता येत नाही. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा चार-पाचशे रुपयांत मिळतो. गेनरच्या आधी तो घ्यावा.

साध्या माणसाची प्रोटीनची गरज आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या तक्त्यानुसार वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम. वजनं उचलणाऱ्याला १.६ ग्रॅम धरलं की पुरे. ६५ किलोला १०४ ग्रॅम. आता आपलं रोजचं शाकाहारी ताट मोजू. ज्वारीच्या चार भाकरी म्हणजे अडीचशे ग्रॅम पीठ, २५ ग्रॅम प्रोटीन. आमटीच्या दोन वाट्या दहा ग्रॅम, त्याही डाळ बऱ्यापैकी असेल तर. पातळ आमटीत चार-पाचच. भात सहा, सकाळचे पोहे शेंगदाण्यांसकट सहा-सात, चहातलं दूध तीन, भाजी तीन. बेरीज पन्नाशीच्या थोडी पुढं जाते. तूट पन्नास ग्रॅमची. ती भरायला ४० ग्रॅम कोरड्या सोयाबीनच्या वड्या (२० ग्रॅम), मूठभर म्हणजे ५० ग्रॅम फुटाणे (१०) आणि तीन अंडी (१८) पुरतात. अंडी न खाणाऱ्यानं त्याजागी अर्धा लिटर दूध किंवा त्याचं दही धरावं.

मांसाहारी घरांत वेगळाच घोळ. बुधवार-रविवारी मटण, आणि मंगळवार-शुक्रवार अंबाबाईचा वार म्हणून अंडंसुद्धा नाही. रविवारी दीडशे ग्रॅम प्रोटीन पोटात गेलं तरी ते मंगळवारसाठी शिल्लक राहत नाही. चरबी साठते तसा प्रोटीनचा वेगळा साठा शरीरात नाही. वाराच्या दिवशी डाळ, दही, वड्या दुप्पट करायला कुणाची हरकत नसावी.

आणि रस्सा. पांढऱ्या रश्श्याच्या पाच वाट्या पिऊन "आज प्रोटीन झालं" म्हणणारे जिममध्ये सापडतात. पांढरा म्हणजे मटणाचा अळणी (मटण शिजवल्याचं पाणी), नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू. चवीला तोड नाही, पण त्यात मुख्यतः स्निग्ध पदार्थ. हाडांतून उतरलेलं जिलेटिन असतं थोडंफार. त्यात ट्रिप्टोफॅन हे गरजेचं अमिनो आम्ल (प्रोटीन ज्या विटांनी बनतं त्यातली एक) नसल्यामुळं स्नायूच्या बांधणीला ते एकटं कामाचं नाही. प्रोटीन फोडींत आहे. शिजलेलं बिनहाडाचं मटण १०० ग्रॅम खाल्लं की २५ ग्रॅम मिळतं. थाळीत रस्सा हवा तेवढा आणि सुकं मटण वाटीभर असतं, तेव्हा मोजायची ती वाटी.

गेनरला पर्याय म्हणून दुकानाबाहेर पडल्या पडल्या कुणीतरी गंगावेशीच्या दूध कट्ट्याकडं बोट दाखवतो. म्हैस समोर उभी, धार काढून फेसासकट ग्लास हातात. कोल्हापूरचं वैभव आहे ते, पण आकडे इथंही बघू. म्हशीचं दूध अर्धा लिटर म्हणजे साधारण १८ ग्रॅम प्रोटीन, ३३ ग्रॅम फॅट, ५३५ कॅलरी. फेस बसल्यावर ग्लास किती उरतो तेही पाहावं. वजन वाढवायचं असेल तर गेनरपेक्षा हे दूध उजवं. चरबी उतरवायला जिम लावलेल्या पस्तिशीच्या माणसाला रोज लिटरभर म्हणजे दोन जेवणं जादा. त्यानं तीन टक्के फॅटचं टोन्ड दूध घ्यावं, प्रोटीन जवळपास तेवढंच, कॅलरी कितीतरी कमी.

धारोष्ण पिण्याबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस (जनावरांकडून येणारा तापाचा आजार) आणि जनावरांचा क्षय माणसाला होऊ शकतो, आणि कासेची स्वच्छता ग्लास हातात आल्यावर कळत नाही. तापवल्यानं 'ताकद जाते' ही समजूत चुकीची. प्रोटीन जागेवर राहतं, काही जीवनसत्त्वं थोडी घटतात, एवढंच. कट्ट्यावरचं दूध कॅनमधून घरी न्यावं, उकळी आणून प्यावं. एकाच वेळी अर्धा लिटर न पचणाऱ्यानं दोनशे-दोनशे मिलि करून घ्यावं.

पैलवानाच्या खुराकाची नक्कल हा आणखी एक रोग. बदामाची थंडाई, तूप, दूध हे तालमीतल्या पोरासाठी आहे. तो पहाटे उठून जोर-बैठका मारतो, हौदा उकरतो, संध्याकाळी पुन्हा लढती करतो. त्याच्या खुराकाचा मुख्य मुद्दा कॅलरीचा आहे, प्रोटीनचा नव्हे: दहा बदामांत प्रोटीन अडीच ग्रॅम आणि कॅलरी सत्तर. एसी जिममध्ये तासभर, त्यातली वीस मिनिटं मोबाइलवर, आणि वर पन्नास बदामांची थंडाई, हा हिशेब वस्तादालाही पटणार नाही. गुळाचंही तेच. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमान वाजवी आहे. पण शरीराच्या लेखी ती साखरच, १०० ग्रॅमला ३८० कॅलरी.

वजन खरंच वाढत नसेल तर घरचं गेनर असं. टोन्ड किंवा गाईचं दूध ३०० मिलि, दोन केळी, फुटाण्याच्या डाळीचं पीठ ४० ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे २५ ग्रॅम, गूळ १५ ग्रॅम. आधी शेंगदाणे आणि गूळ थोड्या दुधात फिरवायचे, मग केळी, पीठ शेवटी. पीठ आधी टाकलं तर भांड्याच्या तळाला चिकटून बसतं. कच्चं बेसन चालणार नाही, फुटाण्याचंच हवं. कच्च्या पिठानं पोट फुगतं. यातून सातशे कॅलरी आणि २७ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, खर्च चाळीस रुपयांच्या आतबाहेर. जेवणानंतर दोन तासांनी घ्यायचं, जेवणाच्या जागी नाही. व्यायाम संपल्यापासून अर्ध्या तासाच्या आतच घशाखाली गेलं पाहिजे ही घाई फुकटची. दिवसाची बेरीज मोठी.

काउंटरवरच्या बाकी मालाबद्दल थोडक्यात. क्रिएटिन मोनोहायड्रेट, म्हणजे स्नायूंना जोर लावायला मदत करणारी भुकटी, हा तिथला सगळ्यात खात्रीचा माल: रोज ३ ते ५ ग्रॅम, कधीही, पाण्यातून. पहिल्या आठवड्यात २० ग्रॅमचं 'लोडिंग' केलंच पाहिजे असं नाही. वजन किलोभर वाढतं ते स्नायूंतलं पाणी. रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंड तपासायचा आकडा) थोडं वर दिसू शकतं, तेव्हा क्रिएटिन चालू असल्याचं डॉक्टरांना आधी सांगावं. मूत्रपिंडाचा आजार असेल त्यानं हे आणि जादा प्रोटीन दोन्ही विचारल्याशिवाय घेऊ नये. बीसीएए म्हणजे गरजेच्या नऊ अमिनो आम्लांपैकी तीन, रंगीत पाण्यात. पुरेसं प्रोटीन खाणाऱ्याला शून्य उपयोग. प्री-वर्कआउटमध्ये, म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या पावडरीत, काम करतं ते मुख्यतः कॅफिन. एका स्कूपमध्ये (डब्यातल्या मापाच्या चमच्यात) दोनशे मिलिग्रॅमच्या पुढंही असतं, आणि प्रौढाची दिवसाची मर्यादा चारशेच्या आसपास. संध्याकाळी सातला घेऊन रात्री दोनपर्यंत जागायचं आणि "रिकव्हरी होत नाही" म्हणून आणखी एक डबा आणायचा, असं चक्र चालतं. फॅट बर्नरला गुण देण्यासारखं काही नाही.

एनआयएनच्या २०२४च्या आहारविषयक सूचनांत अंग कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळायला सांगितलं आहे. सरसकट सांगताना ते ठीक. पण व्हे प्रोटीन म्हणजे शेवटी दुधातलाच एक भाग. ज्याला वेळेअभावी ताटातून वीस-पंचवीस ग्रॅमची तूट भरता येत नाही, त्यानं दिवसाला एक स्कूप घेतला तर बिघडत नाही. फक्त व्हे घेताना घटकांत ग्लायसिन, टॉरिन वेगळं टाकलंय का बघावं. प्रोटीनची चाचणी नायट्रोजन मोजून होते, त्यामुळं ही स्वस्त अमिनो आम्लं घालून आकडा फुगवता येतो.

खरेदी करताना झाकणाखालचं सील, १४ अंकी एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना) क्रमांक, बॅच नंबर, तारखा आणि परदेशी माल असेल तर आयातदाराचं नाव, एवढं जागेवरच तपासावं. पिशवीत सुटी मिळणारी पावडर, मग ती देणारा ट्रेनर कितीही ओळखीचा असो, घेऊ नये. कुठल्याही पावडरीनं महिन्यात पाच किलो चढले, चेहऱ्या-पाठीवर फोड आले, छाती दुखरी झाली, तर स्टिरॉइडच्या भेसळीचा संशय धरून डबा घेऊनच डॉक्टरांकडं जावं.

घरात आधीच अर्धा डबा पडून असेल तर फेकू नका. सांगितलेल्या दीडशे ग्रॅमऐवजी ५० ग्रॅम घ्या, त्यात ३०० मिलि दूध आणि सोबत दोन उकडलेली अंडी किंवा मूठभर फुटाणे. शेकरमध्ये आधी दूध, मग पावडर, आणि दूध कोमट-गार. कडक गरम दुधात गोळ्या होतात. जून ते सप्टेंबर इथल्या दमट हवेत चमचा कोरडा लागतो आणि सिलिका जेलची पुडी डब्यातच राहू द्यावी लागते. उघडलेला डबा दोन-तीन महिन्यांत संपवा. खवट वास आला किंवा गोळे फुटेनासे झाले, तर मात्र सरळ कचऱ्यात.