कोलोनचं कॅथेड्रल पाऊण तासात उरकू नका

युरोपच्या ग्रुप टूरमध्ये जर्मनीतल्या कोलोनला, तिथल्या भव्य चर्चपाशी म्हणजे कॅथेड्रलपाशी, बस थांबते, पाऊण तास मिळतो, दोन फोटो काढून पुढे निघायचं. बडोद्याहून एवढा खर्च करून जाताय, तर हे मान्य करू नका. अर्धा दिवस मागून घ्या आणि सुरुवात मनोऱ्यापासून करा.

दक्षिण मनोऱ्याला लिफ्ट नाही, ५३३ पायऱ्या आहेत. पावागढ चढणाऱ्यांनाही इथं वेगळाच त्रास होतो. तिथं मोकळ्यावर कुठंही टेकता येतं. इथं दगडी गोल जिना इतका अरुंद, की समोरून कुणी उतरलं तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. म्हणून मनोरा उघडताच जा, उशीर झाला की जिन्यातच कोंडी होते. सॅक पाठीवर नको, पोटाशी घ्या. मध्ये घंटाघरात दम खा. १९२३ साली ओतलेली २४ टनांची सेंट पीटर घंटा तिथंच आहे. वर सुमारे ९७ मीटरवरच्या सज्जाला जाळी आहे, तेव्हा मोबाइलची लेन्स जाळीच्या भोकाला टेकवूनच फोटो काढा.

खाली उतरून दुपारी आत शिरा, कारण जर्मन चित्रकार गेरहार्ड रिश्टरची २००७ची रंगीत काचांची खिडकी दक्षिणेला आहे. ७२ रंगांचे ११,२६३ चौकोन, चित्र एकही नाही. ऊन आलं की समोरची फरशी आणि खांब रंगून निघतात. ढगाळ दिवशी यातलं निम्मंही दिसत नाही. लक्ष्मी विलासच्या दरबार हॉलमधल्या रंगीत काचा पाहिलेल्यांना हा फरक चटकन कळेल. तो राजवाडा १८९०चा, हे कॅथेड्रल १२४८ला सुरू होऊन १८८०ला पुरं झालं. मध्ये सुमारे तीनशे वर्षं काम बंद, आणि अर्धवट मनोऱ्यावर लाकडी क्रेन तशीच उभी होती!

मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत. स्टेशन अगदी लागून आहे, तिथल्या लॉकरमध्ये ठेवा आणि मिळालेलं कार्ड जपा. तिकीट काढताना स्टेशनचं नाव नीट वाचा: बऱ्याच वेगवान गाड्या नदीपलीकडच्या मेसे-डॉइट्झला थांबतात. चुकून तिथं उतरलात, तर होहेनझोलर्न पुलावरून चालत या, पंधरा मिनिटं लागतात. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा आत फिरता येत नाही.

आजी-आजोबांचे गुडघे दुखत असतील तर नदीपलीकडच्या कोलोन ट्रायँगल इमारतीत जा. तिथं लिफ्ट आहे, आणि मनोऱ्यावरून जे दिसूच शकत नाही ते दिसतं: दोन्ही मनोऱ्यांसकट अख्खं कॅथेड्रल.