ऑटोमॅटिक गाडी घसरवायला शिकताना: तळोज्यातल्या एका वर्गाचा अनुभव

ऑटोमॅटिक गाडीत ड्रिफ्ट, म्हणजे वळणावर मागची चाके मुद्दाम घसरवत गाडी नेणे, होत नाही, हे वाक्य मी ठाण्यातल्या गॅरेजपासून ऑफिसच्या कॅन्टीनपर्यंत इतक्या वेळा ऐकले होते, की तळोजा औद्योगिक वसाहतीजवळच्या एका बंदिस्त आवारात भरणाऱ्या अर्ध्या दिवसाच्या वर्गात नाव नोंदवतानाही माझा त्यावर निम्मा विश्वास होता. शुल्क ८,५०० रुपये, गाडी त्यांचीच आणि तुकडीत आम्ही चौघे. रोज गर्दीत ऑटोमॅटिक चालवून क्लचचा पाय विसरलेले.

गाडीची निवड मात्र विचारपूर्वक केलेली होती. एफ-३० पिढीतली बीएमडब्ल्यू ३२०डी मागच्या चाकांवर चालते, तिला टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे इंजिनाचा जोर तेलातून पुढे पोचवणारा, ८ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे आणि नव्या गाड्यांतल्या बटणाऐवजी हाताने ओढायचा जुना हँडब्रेक आहे. आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक हॅचबॅक पुढच्या चाकांनी ओढल्या जातात, त्यामुळे इंजिनाच्या जोरावर त्यांची मागची बाजू सुटत नाही. आणि स्कॉर्पिओसारखी मागच्या चाकांवर चालणारी उंच गाडी या कामाला लावली, तर ती घसरण्याऐवजी कलंडण्याची भीती अधिक.

प्रशिक्षकांनी आरंभीच सांगितले, की क्लच नसल्यामुळे आपल्या हातून एकच हत्यार जाते. क्लचच्या गाडीत वळणावर क्लच दाबून इंजिनाच्या फेऱ्या वाढू द्यायच्या आणि तो झटक्याने सोडायचा, म्हणजे फ्लायव्हीलमध्ये साठलेला जोर एकदम मागच्या चाकांवर आदळतो आणि त्यांची पकड सुटते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असते, त्यामुळे तो आघात तेलातच विरतो. यावर आमच्यातल्या एकाने न्यूट्रलमध्ये रेस वाढवून गाडी झटकन डीमध्ये (ड्राइव्ह, म्हणजे पुढे जाण्याच्या नेहमीच्या गिअरमध्ये) टाकण्याची युक्ती सुचवली. ‘तसं करायचं असेल तर स्वतःची गाडी आणा,’ हे उत्तर मला आवडले, कारण तो सगळा धक्का गिअरबॉक्सच्या आतल्या क्लच-पट्ट्यांनी सोसायचा असतो.

मग उरते ते गाडीचे वजन, आणि वर्गाचा खरा कस येथेच दिसला. टँकरने ओल्या केलेल्या डांबरावर मॅन्युअल मोडमध्ये दुसरा गिअर धरून ठेवायचा, वळणाआधी गाडी क्षणभर उलट्या बाजूला झुकवायची, मग वळणात घालताना ब्रेकला हलका स्पर्श करून वजन पुढे आणायचे, आणि मागची बाजू हलकी झाली की रेस द्यायची. मॅन्युअल मोड यासाठी, की डीमध्ये पाय जोरात दाबला तर गिअरबॉक्स मनाने गिअर बदलतो आणि घसरण मध्येच तुटते. कन्व्हर्टरची सुस्ती आणि डिझेल टर्बोचा उशीर मिळून चाकांपर्यंत जोर पोचायला जो वेळ लागतो, तो जमेस धरून रेस थोडी आधीच द्यावी लागते. पहिले आठ-दहा प्रयत्न मी उशिरा रेस दिली आणि प्रत्येक वेळी गाडी शहाण्यासारखी सरळ निघून गेली. पुढे एकदा मागची बाजू सुटल्यावर घाबरून मी पायच उचलला, तेव्हा चाकांना पकड परत मिळून गाडी विरुद्ध दिशेला फेकली गेली. ‘काका, रेस सोडू नका, कमी करा, आणि नजर शंकूवर नाही, जिथे जायचंय तिथे,’ हे प्रशिक्षकांचे वाक्य त्यानंतर मला इतक्या वेळा ऐकावे लागले, की अखेर अर्धे वर्तुळ जमले.

‘ऑटोमॅटिकमध्ये होत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती येथे देणे योग्य ठरेल: अमेरिकेतल्या ग्रीअर येथे बीएमडब्ल्यू एम५ ने ८ तास ओल्या मैदानावर घसरत ३७४ किलोमीटरचा विक्रम केला, आणि ती गाडीही टॉर्क कन्व्हर्टरचीच होती.

आता तक्रारी. पहिला जवळजवळ तासभर गाडी ऐन वेळी जोर काढून घेत होती आणि आम्ही स्वतःलाच दोष देत होतो. प्रत्यक्षात प्रशिक्षकांच्या सहायकाने स्थिरतेच्या नियंत्रणाचे, म्हणजे घसरू लागलेल्या गाडीला आपोआप सावरणाऱ्या यंत्रणेचे, बटण नुसते दाबले होते. तसे केल्याने त्याचा सौम्य मोड सुरू होतो, ते पूर्ण बंद करायला बटण काही सेकंद दाबून धरावे लागते. शुल्क घेणाऱ्या वर्गात ही चूक अक्षम्य आहे. दुसरी तक्रार त्याहून मोठी. कन्व्हर्टरमधली प्रत्येक घसरण तेलात उष्णता होऊन साठते, त्यामुळे दोन फेऱ्यांच्या मध्ये गाडीला विसावा द्यायलाच हवा. आयोजकांनी दुपारच्या तुकडीला जागा मिळावी म्हणून विसावा गाळला, आणि माझ्या शेवटच्या पाळीत गिअरबॉक्स तापल्याचा इशारा पडद्यावर आला. वीस मिनिटे बुडाली. भरपाई म्हणून चहा मिळाला. चहा चांगला होता, एवढेच म्हणतो.

विम्याबद्दलही कोणी आपणहून बोलले नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो, त्यामुळे गाडीचे नुकसान झाल्यास ते कोणाच्या माथी, हे सही करण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. पाम बीच रस्त्यावर रात्री हा प्रयोग करू नका, मोटार वाहन कायद्याचे धोकादायक वाहन चालवण्याबद्दलचे कलम १८४ त्यासाठीच आहे, हे मात्र त्यांनी दोनदा बजावले.

मी पुन्हा नाव नोंदवले आहे. या वेळी सकाळची पहिली पाळी मागून घेतली, गिअरबॉक्स थंड असतानाची.